कॅमेरा परत आला, उत्तर आलं नाही: केन्जी नागाई यांच्याबद्दल जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाला खुले पत्र

सोलापूर,
२७ सप्टेंबर २०२५

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री आणि मंत्रालयातील सर्व संबंधित अधिकारी,
कासुमिगासेकी, टोकियो.

सविनय नमस्कार.

जपानी पत्रकार केन्जी नागाई यांना जाऊन आज अठरा वर्षं झाली. २७ सप्टेंबर २००७ रोजी यांगोन शहरात, सुले पॅगोडाजवळच्या रस्त्यावर, म्यानमारच्या एका सैनिकाने त्यांना अगदी जवळून गोळी घातली. ते पन्नास वर्षांचे होते. हातात कॅमेरा होता, पायांत साध्या चपला होत्या. गोळी घालणाऱ्याचं नाव आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते विचारण्याचं काम तुमच्याकडे अजून चालू आहे की केव्हाच बंद झालं, हेही आम्हा बाहेरच्या माणसांना कळायला मार्ग नाही. म्हणून हे पत्र.

आजच लिहायचं आणखी एक कारण आहे. येत्या २८ डिसेंबरपासून म्यानमारचं लष्कर निवडणूक घेणार आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला लोकांनी निवडलेलं सरकार ज्यांनी उलथवलं, तेच आता मतदान घडवून आणणार आहेत. मतदान उरकलं की गणवेश उतरतील, नागरी कपडे चढतील आणि जगभरच्या राजधान्यांमध्ये 'आता संबंध पूर्ववत करायला हरकत नाही' अशी कुजबुज सुरू होईल. असं एकदा झालेलं आहे. ते पुन्हा होण्याआधी तुमच्यापुढे काही गोष्टी मांडायच्या आहेत.

मी सोलापूरची. जपानी भाषा शिकवते आणि लागेल तेव्हा दुभाषाचं काम करते. माझं जे काही पोटापाण्याचं आणि अभिमानाचं आहे, ते तुमच्या भाषेने दिलेलं आहे. या पत्राचा जपानी अनुवाद मी स्वतः करून मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे पाठवते आहे. तरी आधी मराठीत लिहिलं, कारण हा विषय माझ्या लोकांनीही वाचावा असं मला वाटतं. ते का, हे पुढे येईलच.

नागाईंशी माझी गाठ पडली ती टॉवेलमुळे. आमचं सोलापूर चादरी आणि टॉवेलचं गाव. २०१४ मध्ये इथल्या एका कारखानदारांबरोबर मी दुभाषी म्हणून एहिमे प्रांतातल्या इमाबारीला गेले. तेही टॉवेलचंच गाव. यंत्रमागांचा खडखडाट ऐकला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. तिथे त्यांनी आम्हाला त्यांची प्रसिद्ध चाचणी दाखवली. टॉवेलचा छोटा तुकडा पाण्यावर ठेवायचा, पाच सेकंदांच्या आत तो बुडू लागला तरच माल पास. आमचे कारखानदार घड्याळ लावून बघत होते. मी भाषांतर करत होते.

जेवणाच्या सुट्टीत तिथले एक वयस्कर पर्यवेक्षक माझ्याशेजारी येऊन बसले. मी भारतातून आले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "बर्मा तुमच्या शेजारीच ना? आमच्या गावचा एक माणूस तिथे मारला गेला. कॅमेरा घेऊन गेला होता." ते छायाचित्र मला लगेच आठवलं. ते कोण विसरेल? रॉयटर्सच्या एड्रीस लतीफ यांनी टिपलेलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेलं. रस्त्यावर पाठीवर पडलेला माणूस, वर उचललेल्या हातात अजूनही कॅमेरा, डोक्याशी बंदूक घेतलेला सैनिक आणि मागे जीव घेऊन पळणारे लोक. छायाचित्र आठवलं, पण माणसाचं नाव मला सांगता आलं नाही. जपानी शिकवणारी बाई मी, आणि त्यांच्याच गावात बसून त्यांच्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यांनी बोटाने टेबलावर अक्षरं काढून दाखवली. त्या दिवसापासून मी ते नाव सोडलेलं नाही.

मराठी वाचकांसाठी थोडं सांगते. नागाईंचा जन्म १९५७ चा, इमाबारीचा. टोकियोतल्या एपीएफ या छोट्या वृत्तसंस्थेसाठी ते काम करायचे. अफगाणिस्तान, इराक, पॅलेस्टाईन, कंबोडिया अशा जागी जायचे. मोठ्या वाहिन्यांचे पगारी बातमीदार जिथून काढता पाय घेतात, तिथे हे जायचे. जिथे कुणी जात नाही तिथे कुणीतरी जायलाच हवं, असं ते म्हणत, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीच नंतर सांगितलं.

२००७ च्या ऑगस्टमध्ये म्यानमारच्या लष्करी सरकारने इंधनाचे दर एका रात्रीत वाढवले. बसभाडं परवडेना, तसे लोक रस्त्यावर आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकोक्कू गावात सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली आणि आंदोलनाला वेगळंच वळण लागलं. भिक्खूंनी भिक्षापात्रं उपडी केली. लष्करी अधिकाऱ्यांकडून आम्ही भिक्षा घेणार नाही, याची ती खूण. बौद्ध समाजात दान नाकारलं जाणं ही केवढी शिक्षा आहे, हे आंबेडकरी महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. हजारो भिक्खू मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, म्हणत अनवाणी चालू लागले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना लोकांनी हातांची साखळी धरली. नागाई त्या वेळी बँकॉकमध्ये होते. बातमी ऐकून ते यांगोनला पोचले. २६ तारखेला लष्कराने बळाचा वापर सुरू केला आणि २७ ला दुपारी त्यांना मारलं. त्या दिवसांत किमान ३१ माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक विशेष प्रतिवेदकाने नंतर नोंदवलं. त्या सगळ्यांत जगाला नाव कळलं ते बहुधा नागाईंचंच. बाकीच्यांच्या घरीही कुणीतरी वाट बघत असेल, हे मी विसरलेले नाही.

आता तुमच्याविषयी. सुरुवातीला तुम्ही जे केलंत ते मी नाकारत नाही. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री मासाहिको कोमुरा यांनी म्यानमारच्या परराष्ट्रमंत्र्यांना जाब विचारला आणि त्यांनी खेद व्यक्त केला. उपपरराष्ट्रमंत्री मितोजी याबुनाका तातडीने म्यानमारला गेले. ऑक्टोबरमध्ये यांगोन विद्यापीठातल्या केंद्रासाठी ठरलेलं सुमारे ५५ कोटी येनचं अनुदान तुम्ही रद्द केलंत. त्या पहिल्या महिन्यात तुमचा आवाज स्पष्ट होता. माझी तक्रार त्यानंतरच्या काळाबद्दल आहे.

पहिली तक्रार त्या 'चुकून लागलेल्या गोळी'ची. म्यानमारच्या राजवटीने सांगितलं की नागाई गर्दीत सापडले आणि भटकी गोळी लागून गेले. शिवाय ते पर्यटक व्हिसावर आले होते, असंही ऐकवलं, जणू व्हिसाचा प्रकार बघूनच गोळी झाडायची की नाही ते ठरतं. ज्या चित्रफिती तुमच्या देशातल्या वाहिन्यांनी दाखवल्या, त्यांत सैनिक त्यांच्या अंगाशी येऊन बंदूक रोखताना दिसतो. तो खोटा खुलासा म्यानमारने कधीही मागे घेतला नाही. आणि तो मागे घेतला जावा यासाठी जपानने शेवटपर्यंत रेटा लावला, असंही कधी दिसलं नाही. खोट्याला कुणी हटकलं नाही की ते नोंदीत तसंच राहून जातं. अठरा वर्षांनंतरही म्यानमारच्या दप्तरात केन्जी नागाई अपघातात गेलेले आहेत.

दुसरी तक्रार कॅमेऱ्याची, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. नागाई पडल्यावर त्यांच्या हातातला छोटा सोनी कॅमेरा सैनिकांनी उचलून नेला. मृतदेह जपानला परत आला, सामान आलं, पण तो कॅमेरा आला नाही. तुम्ही मागितलात, त्यांनी सापडत नाही म्हणून सांगितलं. वर्षं गेली. २०११ नंतर म्यानमारच्या सेनाधिकाऱ्यांनी नागरी कपडे घातले, आणि २०१२ मध्ये जपानने त्यांचं सुमारे ३०० अब्ज येनचं कर्ज माफ करायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या हिशेबात एका हातात मावेल एवढ्या कॅमेऱ्याचा उल्लेख कुठेतरी असायला हवा होता. कर्जमाफी मिळाली. कॅमेरा मिळाला नाही.

मिळाला तो २६ एप्रिल २०२३ ला, साडेपंधरा वर्षांनी, आणि कुठल्याही सरकारकडून नाही. 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा' या परागंदा बर्मी पत्रकारांच्या संस्थेने तो बँकॉकमध्ये नागाईंच्या बहिणीच्या हाती दिला. तो अनेक हातांतून फिरत आला. त्या हातांची नावं सांगितली गेली नाहीत, कारण ती सांगणं म्हणजे त्या माणसांना तुरुंगात पाठवणं. स्वतःच्या देशात राहण्याची सोय नसलेल्या पत्रकारांनी जे करून दाखवलं, ते दोन देशांच्या सरकारांकडून झालं नाही.

आम्हा मराठी माणसांना या गोष्टीत एक ओळखीची खूण दिसते. 'केसरी'तल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली त्याच देशात, मंडालेच्या तुरुंगात. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, कारण शाई वापरायची परवानगी नव्हती. १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा त्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या. परत मिळतील की नाही याची इथे सगळ्यांना काळजी लागली होती. पण इंग्रज सरकारने त्या काही काळाने परत केल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. इंग्रजांची तरफदारी करायला हे लिहीत नाही. ज्या राजवटीने एका संपादकाला परमुलखात डांबलं, त्या राजवटीलासुद्धा त्याच्या वह्या दाबून ठेवणं शेवटी जमलं नाही. आणि वह्या परत आल्या नसत्या तरी टिळकांना ग्रंथ पुन्हा लिहिता आला असता, तो त्यांच्या डोक्यात होता. नागाईंना ती सोय नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते त्या टेपमध्येच होतं.

त्या टेपवर काही मिनिटांचं चित्रण शाबूत होतं. ते मी किती वेळा ऐकलं ते आता मोजत नाही. आधी लोक दिसतात, भिक्खूंचे स्वर ऐकू येतात. मग लष्कराचे ट्रक येतात. नागाई कॅमेरा स्वतःकडे वळवतात आणि बोलतात: लष्कर आलं आहे, तिकडे आहे ते लष्कर, मंदिरासमोर नागरिकांची गर्दी झाली आहे. ते लोकांना 'जमाव' म्हणत नाहीत, 'दंगेखोर' म्हणत नाहीत. 'नागरिक' म्हणतात. आणि सैन्य जड शस्त्रास्त्रांनी सज्ज आहे हे सांगताना 'असं वाटतं' हे शब्द जोडतात. भाषेची शिक्षक म्हणून माझं मन त्या दोन शब्दांवर अडकतं. बंदुका समोर आहेत, थोड्याच वेळात जीव जाणार आहे, आणि तरी हा माणूस जे स्वतः तपासलेलं नाही ते ठाम विधान म्हणून सांगत नाही. त्यांना मारणाऱ्यांनी मात्र 'भटकी गोळी' हे शब्द बेधडक सांगितले. त्याला कुठेही 'असं वाटतं' जोडलेलं नव्हतं. चित्रण गोळी लागण्याआधीच संपतं.

ही टेप मी वर्गात लावते. गेल्या वर्षी अनुवाद करून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या सैनिकाचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "जपान सरकारला माहीत असेल ना?" तेव्हा मी विषय बदलला. तसं करायला नको होतं.

तिसरी तक्रार लिहिताना माझा हात जड होतो. २७ सप्टेंबर २०२२ ला टोकियोत माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा राजकीय इतमामाने अंत्यविधी झाला. ज्यांच्याशी राजनैतिक संबंध आहेत त्या सगळ्या देशांना रिवाजाप्रमाणे कळवलं, असं म्हणत तुम्ही म्यानमारच्या लष्करी राजवटीलाही ते कळवलंत. देशात आणि देशाबाहेर त्यावर टीका झाली. ती टीका मुख्यतः सत्तापालटाबद्दल होती. तारखेबद्दल फार कुणी बोललं नाही. तो दिवस नागाईंचा पंधरावा स्मृतिदिन होता. ज्या लष्कराने तुमच्या नागरिकाला भर रस्त्यात मारलं, त्याच लष्कराच्या राजवटीसाठी त्याच तारखेला तुमच्या समारंभात खुर्ची राखली गेली. आबे यांच्या कुटुंबाचं दुःख मी लहान मानत नाही. पण यादी तयार करताना मंत्रालयातल्या एकाही अधिकाऱ्याला ही तारीख आठवली नसेल, तर ते विसरणं किती खोल गेलं आहे याचा मला धसका बसला. आणि आठवूनही यादी तशीच पुढे गेली असेल, तर त्याबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही.

चौथी तक्रार पासपोर्टची. माझ्या मते सगळ्या गोष्टींचं मूळ इथे आहे.

जपानमध्ये धोक्याच्या जागी जाणाऱ्या माणसाला एक शब्द ऐकावा लागतो: 'जिको सेकिनिन'. शब्दशः अर्थ 'स्वतःची जबाबदारी'. आमच्याकडे 'आपल्या कर्माने गेला' म्हणतात, तशी त्याची धार असते. २००४ मध्ये इराकमध्ये ओलीस धरलेले जपानी नागरिक सुटून घरी आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला शिव्याशाप होते, आणि विमानाच्या भाड्याचा हिशेबही त्यांच्याकडे मागितला गेला. २०१५ च्या जानेवारीत पत्रकार केन्जी गोतो सीरियात मारले गेले आणि पुढच्याच महिन्यात, सीरियाला निघालेले छायाचित्रकार युइची सुगिमोतो यांचा पासपोर्ट तुमच्या मंत्रालयाने काढून घेतला. २०१९ मध्ये कोसुके त्सुनेओका येमेनला जायला निघाले, त्यांच्यावरही हीच वेळ आली. जुम्पेई यासुदा सीरियात तीन वर्षांहून अधिक काळ ओलीस राहून २०१८ मध्ये सुटले. त्यांना तुम्ही नवा पासपोर्टच नाकारलात. त्या नकाराला टोकियो जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये बेकायदा ठरवलं.

तुम्ही म्हणता, आम्ही त्यांचे जीव वाचवतो आहोत. तुमची कळकळ खरी असेल. पण जीव वाचवायची ही रीत मला मान्य नाही. बातमीदाराला घरात कोंडल्याने बातमीदार वाचेल, बातमी वाचणार नाही, आणि ज्यांच्यावर बंदुका रोखलेल्या आहेत ती माणसंही वाचणार नाहीत. आलेप्पोत ऑगस्ट २०१२ मध्ये मारल्या गेलेल्या पत्रकार मिका यामामोतो शेवटच्या चित्रणात लहान मुलं दाखवत होत्या. त्या तिथे नसत्या तर ती मुलं कुणालाच दिसली नसती. पत्रकाराचा जीव वाचवायचा असेल तर त्याला मारणाऱ्याला ही खात्री पटायला हवी की हे प्रकरण मिटणार नाही, याचा देश वर्षानुवर्षं दार ठोठावत राहील. ते काम तुम्ही नागाईंच्या बाबतीत केलं नाहीत. मारेकऱ्याच्या दाराशी जाणं अवघड म्हणून तुम्ही स्वतःच्याच माणसाच्या दाराला कडी घातलीत.

तुमच्या शब्दाला तिथे वजन नाही, असं मात्र कुणी सांगू नये. एप्रिल २०२१ मध्ये पत्रकार युकी कितासुमी यांना यांगोनमध्ये अटक झाली, महिन्याभरात ते सुटले, आणि जपानशी असलेले संबंध लक्षात घेऊन सोडतो आहोत, असं लष्करानेच जाहीर केलं. जुलै २०२२ मध्ये चित्रपटकार तोरू कुबोता यांना पकडून दहा वर्षांची शिक्षा ठोठावली होती, तेही नोव्हेंबरमध्ये घरी परतले. म्यानमारच्या सैन्याशी जपानचं नातं तर त्या सैन्याच्या जन्मापासूनचं आहे. बर्माच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान आणि त्यांच्या साथीदारांना जपानी अधिकाऱ्यांनी लष्करी शिक्षण दिलं, आणि १९४१ च्या अखेरीस बर्माची स्वातंत्र्यसेना उभी राहिली ती जपानच्याच मदतीने. या जुन्या ओळखीचा हवाला देऊन तुम्ही नेहमी सांगता की आमचा संवाद चालू राहिला पाहिजे. संवाद चालू असेल, तर त्यात नागाईंचं नाव शेवटचं कधी निघालं?

इथे माझ्या गावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच गेले. ते युद्ध जपानने चीनवर लादलेलं होतं. हे मी तुम्हाला बोचावं म्हणून लिहीत नाही, गोष्ट पुरी व्हावी म्हणून लिहिते. कोटणीसांना चीन विसरला नाही. तिकडे त्यांची समाधी आहे, पुतळे आहेत. चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत आले. भैय्या चौकातलं त्यांचं घर आज स्मारक आहे, आणि सोलापूरच्या पोराला शाळेतच कळतं की आपल्या गावचा एक माणूस दुसऱ्यांच्या संकटात धावून गेला आणि परतला नाही. इमाबारीच्या त्या पर्यवेक्षकांनी टेबलावर बोटाने नाव काढून दाखवलं तेव्हा मला कोटणीसच आठवले होते. दोन टॉवेलची गावं, दोन माणसं. एकाची आठवण परक्या देशानेसुद्धा जपली. दुसऱ्याची त्याच्या स्वतःच्या सरकारकडून जपली जात नाही.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत आणि तुमच्या कायद्याच्या बाहेरच्याही नाहीत.

नागाईंच्या मृत्यूची चौकशी गुन्हा म्हणून पुन्हा हाती घ्या. जपानच्या दंडसंहितेत २००३ मध्ये घातलेल्या कलम ३-२ नुसार परदेशात जपानी नागरिकाचा खून झाला तर तो जपानच्या कायद्याखाली येतो. खुनाच्या खटल्याला असलेली कालमर्यादा २०१० मध्ये उठली, आणि तोवर मुदत न संपलेल्या जुन्या प्रकरणांनाही ते लागू झालं. २००७ चं हे प्रकरण त्यातच मोडतं. म्हणजे उशीर झाला असं म्हणायची सोय नाही. संयुक्त राष्ट्रांनी म्यानमारमधले गुन्हे तपासायला २०१८ मध्ये जी स्वतंत्र यंत्रणा नेमली, तिच्या कक्षेत २०११ पासूनचेच गुन्हे येतात. नागाई त्याआधी गेले. त्यांच्यासाठी ती यंत्रणा काही करू शकणार नाही, तुम्हीच करू शकता. पोलीस तुमच्या खात्याखाली येत नाहीत हे मला माहीत आहे. पण म्यानमारकडे त्या सैनिकाचं आणि त्याला हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मागण्याचा अधिकार तुमचाच आहे. ते लेखी मागा, आणि मागितलं हे जाहीर करा.

परत आलेला कॅमेरा आणि ती टेप हा पुरावा आहे. कुटुंबाची संमती घेऊन त्याची रीतसर तपासणी व्हावी आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवले जावेत. 'भटकी गोळी' हा खुलासा जपान सरकारला मान्य नाही, हे एका स्पष्ट वाक्यात अधिकृतपणे सांगा. त्याला एक येनही लागत नाही.

निवडणुकीनंतर म्यानमारमध्ये कुणीही सत्तेवर येवो, नवी विकासमदत किंवा कर्जमाफी ठरवण्याआधी हे प्रकरण चर्चेच्या कागदावर असलं पाहिजे. २०१२ ची चूक पुन्हा नको. २०२१ नंतर तुम्ही नवी मदत थांबवलीत, पण चालू प्रकल्प सुरूच ठेवलेत, आणि बागो नदीवरच्या पुलाच्या कामातून लष्कराच्या मालकीच्या कंपनीकडे पैसा गेला हे उघडकीस आलं. पूल लोकांसाठी असतो, हे मला समजतं. तो पैसा ज्या हातांत गेला, त्याच हातांत बंदुका आहेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

पत्रकारांचे पासपोर्ट काढून घेण्याचा अधिकार वापरणं थांबवा. किमान तो केव्हा वापरणार आणि त्याविरुद्ध कुठे दाद मागायची, याचे नियम लिहून जाहीर करा. न्यायालयात वर्षं घालवल्यावर मिळणारा पासपोर्ट बातमीदाराच्या कामाचा नसतो. तोवर ते युद्धच संपलेलं असतं.

आणि एक शेवटची मागणी. ज्या परागंदा बर्मी पत्रकारांनी नागाईंचा कॅमेरा जिवावर उदार होऊन परत मिळवून दिला, त्यांच्यासाठी काही ठोस करा. त्यांच्यातले कित्येक थायलंडमध्ये कागदपत्रांशिवाय, पकडले जाण्याच्या भीतीत दिवस काढतात. जपानने अशांना व्हिसा द्यावा, काम करायला जागा द्यावी, वाटल्यास एखादी शिष्यवृत्ती सुरू करून तिला नागाईंचं नाव द्यावं. एखादा दगडी स्तंभ उभारण्यापेक्षा नागाईंना ते जास्त आवडलं असतं, असं मला वाटतं. 'असं वाटतं' एवढंच म्हणते. त्यांच्याकडूनच शिकले.

पुढच्या वर्षी २७ सप्टेंबर रविवारी येतो. आमचा शनिवार-रविवारचाच वर्ग असतो, त्यामुळे मी ती टेप त्याच दिवशी लावणार आहे. मागच्या बाकावरची ती मुलगी आता वरच्या परीक्षेची तयारी करते आहे, ती असेलच. तिला दाखवायला तुमच्या मंत्रालयाचा एक कागद माझ्या हातात असावा, एवढी विनंती आहे. तो जपानीतच पाठवा. भाषांतर ती करेल.

आपली नम्र,
सोलापुरातली एक जपानी भाषा शिक्षिका